गाठीपुढचं आतडं

दवाखान्यातलं सगळं थोरल्या जावेला कळतं, असं घरात सगळे धरून चालत. अकरा वर्षांपूर्वी तिची गर्भपिशवी काढली होती आणि तेवढ्या भांडवलावर ती आल्यागेल्याला सल्ले देत असे. धाकट्या जावेच्या पिशवीत गाठ निघाली, महिन्यातले दहा-दहा दिवस रक्त जाऊ लागलं, जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा थोरलीनं पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला. "काढून टाक. मी सांगितलंच होतं डॉक्टरांना, काढा म्हणून. सुटले एकदाची."

धाकटीचं लग्न उशिरा झालेलं, वय सदतीस, आणि तिला मूल हवं होतं. गाठ भिंतीत खोल रुतलेली, त्यामुळे नुसती गाठ कापून काढणं धोक्याचं होतं. एकच वाट उरली होती: बाहेरून अल्ट्रासाउंडच्या लहरी सोडून गाठ आतल्या आत तापवून मारायची. ते जमेल की नाही, हे एमआरआय बघून ठरणार होतं. नाही ठरलं, तर पिशवी जाणार होती.

तपासणीच्या सकाळी थोरलीनं तिला दोन बाटल्या पाणी पाजलं. सोनोग्राफीला लघवी तुंबलेली लागते, आणि एमआरआय म्हणजे सोनोग्राफीची मोठी बहीण, असा तिचा साधा हिशोब. धाकटी म्हणाली, "ताई, कागदावर काय लिहिलंय बघा ना एकदा." थोरलीनं बघितलं नाही. दवाखान्यानं दिलेला तो कागद पर्समध्ये चष्म्याच्या डबीखाली घडी घातलेला होता आणि त्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'आत येण्यापूर्वी लघवीला जाऊन यावे.'

कानातलं, केसांच्या पिना, सगळं थोरलीच्या ओंजळीत देऊन धाकटी आत गेली. भिंतीपलीकडून मशीनची ठकठक सुरू झाली, मग मध्येच थांबली. मशीन चालवणारी बाई बाहेर आली.

"हिला एवढं पाणी कुणी पाजलं?"

थोरली भिंतीवरची सूचना वाचू लागली.

"मूत्राशय टम्म फुगलंय. पहिली चित्रं निघाली, पण पुढे तिला स्थिर पडवेना. आता लघवीला पाठवते, मग पुन्हा सगळं पहिल्यापासून."

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धाकटी पोट धरून तिच्यासमोरून लगबगीनं गेली, आली, परत आत गेली.

तासाभरानं चित्रं वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दोघींना आत बोलावलं. पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली होती. "गाठ काळी दिसतेय, हे चांगलं आहे. अशा गाठी उष्णतेला दाद देतात. पण हे बघा." त्यांनी पेनाचं टोक टेकवलं. "हे लघवीला जाऊन आल्यावरचं. पोटाची कातडी आणि गाठ, यांच्यामध्ये आतड्याची वेटोळी आलीत. लहरी इथून सोडल्या तर आतडं भाजेल. एवढंच चित्र असतं तर मी बहुधा नाही म्हटलं असतं."

धाकटीनं खुर्चीची कड घट्ट धरली.

"आणि हे आधीचं, पाणी प्यायलेलं. मूत्राशय फुगलं, त्यानं आतडं वर ढकललं. वाट मोकळी. म्हणजे उपचाराच्या दिवशी आम्ही मूत्राशय भरून ठेवलं, तर जमण्यासारखं आहे. गाठ लगेच जाणार नाही, महिने घेईल. आणि मूल होईलच असं वचन मी देणार नाही." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला काय हवंय?"

थोरलीनं सवयीनं तोंड उघडलं. डॉक्टरीणबाईंची मान तिच्याकडे वळलीच नाही. त्या धाकटीकडे बघत थांबल्या होत्या. थोरलीनं तोंड मिटलं.

"मला पिशवी ठेवायची आहे," धाकटी म्हणाली.

बाहेर आल्यावर धाकटी हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "ताई, तुमच्या हट्टाचं एवढं फळ मिळेल असं वाटलं नव्हतं." थोरलीला हसू आलं नाही. ती बाकावर टेकली. धाकटीच्या पिना अजून तिच्या मुठीत होत्या आणि त्या टोचत होत्या, तरी मूठ सुटेना.

"काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

"तिनं तुला विचारलं," थोरली म्हणाली.

"कुणी? डॉक्टरांनी? विचारणारच ना. तुम्हाला नव्हतं विचारलं?"

अकरा वर्षं तिनं घरादाराला, शेजारपाजारला एकच सांगितलं होतं. आताही तेच सांगता आलं असतं.

"मी अशीच बाहेर बाकावर बसले होते," ती म्हणाली. "आत तुझे भाऊजी होते, सासूबाई होत्या, डॉक्टर होते. दार लोटलेलं होतं. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, सोमवारी ये, उपाशीपोटी." "मला दुसरं मूल हवं होतं गं."