हातमोज्यांचा धडा

“कोट!” विशाखाबाईंनी चित्राचं कार्ड डोक्यावर धरलं.

“नवरदेव!” पहिली-दुसरीची बावीस पोरं एका सुरात ओरडली.

“नवरदेव नाही रे बाबांनो. कोट. सी, ओ, ए, टी.”

“पण बाई, कोट नवरदेवच घालतो,” सत्यम म्हणाला. करमाडच्या आसपास सत्तावीस वर्षं नोकरी करून त्यांनीही लग्नाशिवाय कोट घातलेला माणूस पाहिला नव्हता.

पुढच्या कार्डावर एक गोरापान मुलगा मफलर, हातमोजे, बूट असा सगळा जामानिमा करून बर्फात उभा होता.

“बाई, हे कापसात काहून खेळायलंय?” सांडूनं विचारलं. “त्याची माय मारंन ना त्याला.”

बाईंनी कार्ड टेबलावर आपटलं, डोळे मिटले आणि मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजले, तेही इंग्रजीत.

फेब्रुवारी संपत आला होता. वर्गाचे पत्रे सकाळी अकरापासूनच तापायचे. असल्या उन्हात पोरांना मफलर आणि हातमोजे शिकवायचे, का, तर वरून कार्डं आली आहेत म्हणून. बरं, नुसतं शिकवून भागत नव्हतं. केंद्रप्रमुख नानासाहेबांनी ग्रुपवर टाकलं होतं : ‘इंग्रजीतून कपड्यांची ओळख. दोन मिनिटांचा व्हिडिओ. आज दुपारी अडीचपर्यंत. सबब चालणार नाही.’ मागच्या महिन्यात माहिती पाठवायला दोन दिवस उशीर झाला, तर बाईंना नोटीस आली होती. सगळ्या नोकरीतली पहिली नोटीस. ती हातात घेताना त्यांना चोरी करताना सापडल्यासारखं वाटलं होतं. दुसरी घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

कार्डांनी काम होईना म्हणून त्यांनी आदल्या दिवशीच पोरांना सांगून ठेवलं होतं, घरून एकेक कपडा आणा. खिडकीपासून नकाशाच्या खिळ्यापर्यंत दोरी बांधली होती, चिमटे लावले होते. आणि पोरांनी काय आणावं? आजीचं लुगडं, दोन कुंच्या, एक लुंगी, सत्यमची ओली चड्डी. सांडूनं तर आजोबांची घोंगडी ओढत आणली. ती टाकताच दोरी खिळ्यासकट खाली आली.

“घोंगडीला इंग्रजीत काय म्हणत्यात, बाई?”

“गप बस म्हणतात,” बाई म्हणाल्या.

कार्डावरची वस्तू एकटीनंच आणली होती, दुसरीतल्या प्रांजलीनं. ही पोर वर्गात तोंड उघडायची नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. तिनं दप्तरातून मळकट पिवळे, जाड हातमोजे काढले. शेंद्र्याच्या कंपनीत कामगार घालतात तसले. बाईंचा जीव भांड्यात पडला. चला, एक तरी ‘ग्लोव्हज’ मिळाले!

चिमट्याला अडकवताना त्यांच्या लक्षात आलं, उजव्या हातमोज्याची शेवटची दोन बोटं आत दुमडून पांढऱ्या दोऱ्यानं शिवून टाकली होती. टाका बारीक आणि घट्ट होता. बाईंना टाका कळायचा. त्यांची आई पारूबाई शहरात बांधकामावर पाट्या वाहायची, पण लेकीचा फ्रॉक शिवून-सांधून, तांब्यात विस्तव घालून इस्त्री केल्याशिवाय तिला शाळेत धाडायची नाही. “कपड्यावरनं लोकं आपल्याला लई बोलले. आता त्यास्नी जागा ठिवायची नाय,” म्हणायची. बाई अजून रोज मुकुंदवाडीहून स्कूटीवर यायच्या त्या खळ घातलेल्या कडक सुती साडीत.

“हे असं का शिवलंय गं?”

“पप्पाची बोटं नायत ना तिथं,” प्रांजली हळूच म्हणाली. “मोकळं ठिवलं तर मशिनीत गुततं.”

पोळ्याच्या सुमाराला प्रांजलीच्या बापाचा, कडुबाचा, हात मशिनीत गेल्याचं गावात बोललं गेलं होतं. बाईंनी ते ऐकलं होतं आणि विसरूनही गेल्या होत्या. त्यांनी शिवलेल्या बोटांवरून अंगठा फिरवला. मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या, “प्रांजली, तूच बोल. हातात धर आणि बोल.”

दीड वाजता चित्रीकरण सुरू झालं. पहिल्या वेळी सत्यम मध्येच म्हणाला, “बाई, तिला येत नाय.” दुसऱ्या वेळी दारात शेळी आली. तिसऱ्या वेळी मोबाइलनं जागा शिल्लक नसल्याचं सांगितलं, तेव्हा बाईंनी भाचीच्या लग्नाचे शंभर फोटो न बघता उडवले. चौथ्या वेळी सगळं जमलं आणि प्रांजलीच गप्प झाली.

सव्वादोन होत आले तेव्हा दारात कडुबा येऊन उभा राहिला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, पायात बूट.

“बाई, पोरीनं न इचारता हातमोजे आणले. मला जायचं व्हतं...”

“पाच मिनिटं थांबा हो!” बाई त्याच्याकडे न बघताच कडाडल्या. “तुमच्याच मुलीचं चाललंय. आमच्या मागे काय कमी ताप आहेत?”

“व्हय बाई,” म्हणून तो मागे सरला आणि पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहिला.

प्रांजली बोलली ती सातव्या वेळी. अगदी स्पष्ट बोलली. दोन पंचविसला व्हिडिओ गेला. बाईंनी हातमोजे बाहेर नेऊन दिले, कडुबा ते घेऊन पळत सुटला. बाई खुर्चीत टेकल्या. आज पहिल्यांदाच त्यांना पाणी प्यावंसं वाटलं.

“बाई,” प्रांजली जवळ येऊन उभी राहिली, “पप्पाची बस गेली.”

“दुसरी मिळेल.”

“नाय मिळत. हातमोज्याबिगर गेटात घेत नायत, म्हणून पप्पा थांबले. पंधरा दिस खाडा केला नाय तरच मशिनीवर परत घेणार हायत. ठेकेदार बोललाय.” तिनं बोटं मोडत मोजलं. “आज चौदावा व्हता.”

बाईंनी पाण्याची बाटली तशीच टेबलावर ठेवली. शेजारच्या वर्गातल्या अतुल सरांना “पोरं बघा” एवढंच ओरडून सांगत त्यांनी स्कूटीला किक मारली.

कडुबा जालना रोडच्या कडेनं झपाझप चालत होता. “बसा,” बाई म्हणाल्या.

“नको बाई, तुमची साडी...”

“बसा म्हणते ना!”

तो मागे अंग चोरून बसला. ट्रकच्या धुळीतून बाईंनी आयुष्यात चालवली नव्हती इतक्या जोरात गाडी चालवली. वाटेत एकदाच ओरडून विचारलं, “मला सांगितलं का नाही तुम्ही?”

“तुमी म्हणल्या पाच मिनिटं. अन् पोरगी पयल्यांदाच बोलायली व्हती.”

कंपनीच्या गेटवर मोठा फलक होता. हेल्मेट, बूट, हातमोजे, प्रत्येकाचं चित्र आणि खाली इंग्रजी नाव. तीन वाजायला दहा मिनिटं होती. साडीकडे बघून वॉचमन खुर्चीतून उठला आणि अदबीनं म्हणाला, “मॅडम, पावणेतीन को गेट बंद होता. बदली माणूस आत गेला.”

“चूक माझी आहे, यांची नाही. मी शाळेत थांबवून घेतलं यांना. लिहून देते.”

“लिहून देके क्या होगा, मॅडम? अपने हात में कुछ नहीं.”

“साहेबांना बोलवा मग!”

“साहेब ठेकेदाराकडे बोट दाखवतात अन् ठेकेदार साहेबांकडे.”

आई म्हणायची तशी कडक साडीनं माणसं उठून उभी राहत होती खरी, पण गेट उघडत नव्हतं. बाईंना संताप कुणावर काढायचा तेच कळेना. नानासाहेबांवर, कार्डांवर, ठेकेदारावर. आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर.

“चला बाई, ऱ्हाऊ द्या,” कडुबा म्हणाला. बाई स्कूटी ढकलत त्याच्यासोबत निघाल्या. थोडं अंतर चालून गेल्यावर त्यानं विचारलं, “नीट बोलली का ती?”

“कोण?”

“प्रांजली. घरी बोल म्हणलं तर लाजती.”

बाईंनी पर्समधून मोबाइल काढला. रस्त्याच्या कडेला उभं राहून दोघं बघू लागले. प्रांजली दोन्ही हातांनी हातमोजे छातीशी धरून उभी होती. “दीज आर ग्लोव्हज. माय फादर वेअर्स ग्लोव्हज.”

“फादर म्हंजी मीच ना?”

“तुम्हीच.”

तेवढ्यात पडद्यावर वरून नानासाहेबांचा निरोप घसरत आला : ‘विशाखा मॅडम, व्हिडिओ आडवा हवा होता. उभा चालणार नाही. पुन्हा काढून पाठवा.’

बाईंनी तो अंगठ्यानं वर ढकलून दिला.

“परत लावू?”

“लावा,” कडुबा म्हणाला आणि उन्हात नीट दिसावं म्हणून त्यानं हातातल्या हातमोज्यांची मोबाइलवर सावली धरली.