सकाळी अडणारा कॉम्प्युटर

सकाळी बटण दाबलं की कॉम्प्युटरचा पंखा अर्धी गिरकी घ्यायचा आणि थांबायचा. पुन्हा दाबलं की पुन्हा तेच. कधी चार-पाच खेपांनंतर लागायचा, तर कधी तास गेला तरी ढिम्म.

तिचं पोट त्याच कॉम्प्युटरवर होतं. हॉस्पिटलातले डॉक्टर आपले रिपोर्ट बोलून ठेवत आणि ती कानाला हेडफोन लावून ते टाइप करून पाठवत असे. सकाळचं काम दुपारी पोचायला लागलं तसे काम देणाऱ्या बाईंचे फोन येऊ लागले.

"अहो, असं कसं चालेल?"

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणायची आणि फोन ठेवून द्यायची. पूर्वी अशा फोननंतर तिच्या घशाखाली घास उतरला नसता. आता मात्र दात काढायच्या आधी इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, तसं झालं होतं. आपलाच, पण कुणी चिमटा काढला तरी कळू नये.

नवरा घर सोडून गेल्यापासूनचं हे. त्यानं दुसऱ्या गावी, दुसऱ्या बाईबरोबर संसार थाटला. घरात राहिले ती आणि त्याचे वडील. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासरा आणि सून दोघांचं बोलणं भाजी, पाणी आणि पेपर यांच्यापुढे जात नसे. सासऱ्यांची मान तिच्यासमोर वर होत नव्हती. तिलाही ती वर करायला लावण्याचा उत्साह नव्हता.

पण बिघडलेलं यंत्र दिसल्यावर सासऱ्यांना राहवेना. त्यांची सगळी हयात लिफ्टची दुरुस्ती करण्यात गेली होती.

"सरक जरा," ते एका सकाळी म्हणाले. "निम्मे बिघाड भिंतीतच असतात."

त्यांनी कॉम्प्युटरची पिन स्वयंपाकघरातल्या सॉकेटला जोडली. दुपारी कधीतरी कॉम्प्युटर लागला. पंख्याकडे बघतच सासरे म्हणाले, "बघितलंस?" दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा रुसला.

मग त्यांनी वायर बदलली. मग पत्रा उघडून मेमरीची पट्टी काढली आणि तिची सोनेरी टोकं खोडरबरानं घासली. कुणीतरी त्यांना तसं सांगितलं होतं. प्रत्येक वेळी दुपारपर्यंत कॉम्प्युटर लागायचा आणि सासरे विजयी वीरासारखे आडवे व्हायचे. प्रत्येक वेळी सकाळी ये रे माझ्या मागल्या.

अखेर त्यांनी हात टेकले. स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "हा... म्हणजे, हा कॉम्प्युटर जोडला त्यानंच होता. फोन लावून विचारू का?"

"नको."

"बरं."

ती कॉम्प्युटरच्या उघड्या डब्याकडे बघत राहिली. मग कुणा तिसऱ्याच माणसाबद्दल बोलावं तशी म्हणाली, "बाबा, तुम्ही काहीही केलं की तो लागतो. पण दुपारीच. काल कुणीच काही केलं नव्हतं, तरीही दुपारी लागला. एकदा लागला की दिवसभर कितीही वेळा बंद-चालू करा, कुरकुर नाही. रात्रभर गार पडला की अडतो."

सासऱ्यांनी खोडरबर खिशात टाकलं. "म्हणजे मी इतके दिवस नुसता देव्हाऱ्यापुढे घंटा वाजवत होतो म्हण की."

तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही, पण यायला हवं होतं एवढं तिला कळलं.

दोघांनी तो डबा चादरीत गुंडाळून कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानातल्या बाईनं तिचं बोलणं ऐकून घेतलं आणि वीज पुरवणारी आतली पेटी सोडवून हातात घेतली.

"हिचंच दुखणं. जुनी झाली की गारठ्यात दम धरत नाही. ऊब आली की चालते. नवी बसवते." मग आत वाकून म्हणाली, "पण वायरी काय देखण्या बांधल्यात! कुणाचं काम?"

"माझ्या मुलाचं," सासरे म्हणाले.

"मग इथवर कशाला आणलात? घरच्या घरीच झालं असतं की!"

सासरे काउंटरकडे बघू लागले. तिनं वाट पाहिली, मग तीच म्हणाली, "तो आम्हाला सोडून गेलाय."

बाईचा हात थांबला. "सॉरी हं," ती पुटपुटली आणि कामाला लागली. छत काही कोसळलं नाही. हे वाक्य ती पहिल्यांदाच बोलली होती, आणि त्यात 'मला' नाही, 'आम्हाला' आलं होतं. सासऱ्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

परत येताना डबा दोघांच्या मध्ये होता. जिन्याच्या पहिल्या वळणावर त्यांना धाप लागली, तसा तो कठड्यावर टेकवून ते म्हणाले, "लेक म्हणतेय, माझ्याकडे या. मी कपडेही काढून ठेवलेत. मुलगाच नाही, तर सुनेच्या घरी कोणत्या नात्यानं राहायचं?"

"मला आत्ता कुठल्याच नात्याचा विचार करवत नाही, बाबा," ती म्हणाली. "खरं सांगते, मला काहीच वाटत नाही. तुम्ही गेलात तरी रडू येईल की नाही, सांगता यायचं नाही. पण जाऊ नका."

त्यांनी डब्याखाली पुन्हा हात घातला. मग म्हणाले, "माझी बाजू जड आहे. तू जरा वर धर."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बटण दाबलं. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. पडदा उजळला. तिला आनंद झाला नाही, सुटल्यासारखंही वाटलं नाही. तिनं हेडफोन लावले. कुणा अनोळखी माणसाच्या फुप्फुसाबद्दल डॉक्टर संथपणे सांगत होते. ती टाइप करू लागली. शेजारच्या खोलीत सासरे काढून ठेवलेले कपडे पुन्हा कपाटात लावत होते. दार लागत नव्हतं म्हणून ते त्याला काहीतरी बोलत होते. तिनं एका कानावरचा हेडफोन जरा मागे सरकवला आणि टाइप करत राहिली.