सतरा नंबर कोणाचा?

मी बोलतोय, आणि जीभ बाहेर काढूनच बोलतोय. राग मानू नका. माझी जीभ जन्मापासून बाहेरच आहे, आणि लोकांनी ती ओढून फाडावी यासाठीच मला घडवलं आहे.

मी नंबराचा डबा. लाल रंग, गोल पोट, गोगलगायीसारखा आकार. पोटात कागदाची गुंडाळी, तिच्यावर एक ते नव्याण्णव आकडे, मग पुन्हा एक. न्यू जर्सीतल्या इम्पराटो कुटुंबाच्या सगळ्यात जुन्या दुकानात, चीज आणि खारवलेलं मांस कापून देतात त्या काउंटरसमोरच्या खांबावर मी एका स्क्रूवर लटकतो. पूर्वी दोन होते. दुसऱ्याचं काय झालं, ते पुढे येईल.

कारखान्यातून माझी भावंडं कुठे कुठे गेली. एक दवाखान्यात लागला. तिथे लोक कण्हत कण्हत नंबर घेतात. एक सरकारी कचेरीत लागला; त्याच्याविषयी न बोललेलं बरं. मी नशीबवान निघालो. माझ्याकडे लोक भूक घेऊन येतात.

मला विकत आणलं आन्येल्लो इम्पराटोने. त्याला सगळं गाव नोन्नो म्हणतं, म्हणजे आजोबा. इटलीतल्या नेपल्सहून आला, भाच्यांना हाताशी घेऊन दुकान थाटलं, मग शेजारच्या गावांत आणखी तीन. चारही दुकानांत तेच ऑलिव्हचं पिंप, तोच छताला टांगलेल्या चीजचा वास. पण नंबर पुकारायची इम्पराटो रीत फक्त माझ्या दुकानात राहिली, कारण नोन्नो इथेच बसायचा.

नोन्नोने आकडा कधीच पुकारला नाही. नेपल्समध्ये प्रत्येक आकड्याला अर्थ असतो. लॉटरी खेळणाऱ्या म्हाताऱ्यांना तो पाळण्यातच शिकवतात. बावीस म्हणजे वेडा. पन्नास म्हणजे पाव. नव्वद म्हणजे भीती. अठ्ठ्याऐंशी म्हणजे चीज, आणि तो नंबर आला की दुकानात टाळ्या पडत. नव्वदीच्या पुढे नेपल्सने अर्थ दिलेला नाही. ते नोन्नोने आपल्या पदरचे घातले. शहाण्णव म्हणजे जावई.

"डुक्कर कोण? डुक्कर!" नोन्नो सुरी उंचावून ओरडे.

"मीच रे बाळा," म्हणत चार नंबरची चिठ्ठी दाखवून पाद्रीबाबा पुढे होत. "पाव पौंड मोर्ताडेला सॉसेज. पातळ काप."

एकदा निवडणुकीच्या दिवसांत महापौरबाई मतं मागायला आल्या आणि सवयीने माझी जीभ फाडून बसल्या. तेवीस. "येडपट! येडपट कोण आहे?" असा पुकारा होताच त्यांनी हात वर केला. त्या निवडून आल्या. मी फुशारकी मारत नाही, पण त्यात त्या चिठ्ठीचा हात होता.

सत्तेचाळीस म्हणजे मढं. पण मढ्याला इथे कोणी भीत नाही. मढं घरचं असतं, कोणाचा तरी बाप, कोणाची तरी आत्या. ते कृपाच करतं.

भीती एकाच नंबराची. सतरा. सतरा म्हणजे संकट.

माझ्या तोंडातून सोळा गेला की मागून सतरा डोकं बाहेर काढी, आणि दुकानात येणारा माणूस एकदम ऑलिव्हच्या बाटल्या वाचायला लागे. मग नोन्नो सुरी ठेवी, हात पुसत काउंटरबाहेर येई, सतरा स्वतः फाडी, खिशात घाली. "संकट!" असं स्वतःच पुकारी. "हजर!" असं स्वतःच म्हणे. पिंपातला एक ऑलिव्ह स्वतःच्या तोंडात टाकी आणि पुढे ओरडे, "अठरा! रक्त!" लोक सुटकेचा श्वास टाकून पुढे सरकत.

त्याची नात फियोरेल्ला लहानपणी पिठाच्या पोत्यावर बसून हे बघायची. तिला वाटायचं, नोन्नोला ऑलिव्हची भूक आवरत नाही.

ही फियोरेल्ला शिकायला कॅलिफोर्नियाला गेली आणि या वर्षी परत आली. डोळ्यांत तेज, बोलण्यात आग. आल्या आल्या तिने बापाला, म्हणजे चारही दुकानं बघणाऱ्या सालला, सांगितलं, "पप्पा, जुनं दुकान मला द्या."

"तुला? तुला सलामी सॉसेजची साल तरी काढता येते का?"

"दुकान म्हणजे सलामी नव्हे. दुकान म्हणजे समाज! म्हाताऱ्या बायका तास तास उभ्या राहतात. रांग हा अन्याय आहे, पप्पा!"

सालने डोक्याला हात लावला, पण मुलीवर त्याचा जीव. म्हणाला, "नाताळची आदली दुपार निभावून दाखव. सगळ्यांना मासा मिळाला, कोणी रागावून महामार्गापलीकडच्या मोठ्या दुकानात गेलं नाही, तर किल्ली तुझी. नाही तर मुकाट्याने माझ्या कचेरीत येऊन बस."

फियोरेल्लाने माझ्या जागी टीव्हीसारखा पडदा बसवला. हा एवढा काळा, चकचकीत. लोकांनी घरून फोनवर नंबर घ्यायचा, पाळी आली की यायचं, फोनवर 'आलो' असं दाबायचं. आणि तिने एक प्रतिज्ञा केली होती: कोणालाही वगळलं जाणार नाही. म्हणून नंबर वगळायची सोयच तिने त्यात ठेवली नव्हती. 'आलो' दाबल्याशिवाय पुढचा नंबर नाही. ते ऐकून मलाही, खरं सांगतो, भरून आलं होतं.

मग तिचा काका व्हिनी मला काढायला आला. व्हिनी मांस कापायला एक नंबर, पण पेचकस हातात आला की त्याचा बैल होतो. एक स्क्रू त्याने ऑलिव्हच्या पिंपात पाडला. मला दाराजवळच्या खोक्यात टाकलं, जुन्या दिनदर्शिका आणि तुटक्या टोपल्यांच्या संगतीत. नाताळ झाला की कचऱ्याची गाडी.

नोन्नो संतापला. "गोगलगाय गेली, तर मी काउंटरला हात लावणार नाही," म्हणाला, आणि तेव्हापासून रोज दुकानासमोर आपली मोटार लावून, काच खाली करून तिच्यातच बसू लागला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो हाताने खूण करी. खूण चांगली नसे.

नाताळची आदली दुपार आली. दुकान गच्च. प्रत्येकाला बक्काला हवा, म्हणजे खारवून सुकवलेला कॉड मासा. तो भिजवून झाल्याशिवाय या लोकांच्या घरात येशूचा जन्म होत नाही. पडदा गोड बाईच्या आवाजात पुकारत होता. पंधरा झाला. सोळा झाला. फियोरेल्ला काउंटरमागे पांढरा एप्रन लावून नुसती चमकत होती.

"क्रमांक सतरा, कृपया पुढे या."

लोकांनी आपापले फोन तपासले.

"क्रमांक सतरा, कृपया पुढे या."

सगळे ऑलिव्हच्या बाटल्या वाचू लागले.

"सतरा कोण आहे?" फियोरेल्ला हसत म्हणाली. "या ना!"

कोणी हललं नाही. पडदा गोड आवाजात बोलावतच राहिला. व्हिनी म्हणाला, "जाऊ दे. अठरा कोण?"

अठरा नंबर किटिंगचा होता. किटिंग आयरिश. त्याने या गावात जन्मभर टपाल वाटलं. नेपल्सशी त्याचा काय संबंध? पण तो दोन पावलं मागे सरला. "सतरा बाकी असताना मी पुढे जाऊ? म्हणजे ते माझ्या डोक्यावर बसेल! माझ्या बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, व्हिनी!"

"किटिंग, तू आयरिश आहेस!"

"गुडघा इटालियन आहे!"

गोंगाट उसळला. मागून कोणी म्हणालं, पलीकडच्या दुकानात बक्काला मिळतो, प्लास्टिकमधला का होईना. दोन बायकांनी कोट चढवले. दाराशी साल उभा होता. त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. फियोरेल्लाचा चेहरा मैद्यासारखा झाला.

तेवढ्यात ऑलिव्हच्या पिंपातून घंटी वाजली.

मंद, बुडबुड्यांसकट. नंबर आल्याची सूचना. फियोरेल्लाने बाही न सारताच हात कोपरापर्यंत आत घातला आणि ठिबकणारा फोन बाहेर काढला. त्याच्या पाठीवर संत अंतोनीचं चित्र चिकटवलेलं होतं. सगळं दुकान डोन्ना आसुंताकडे वळलं. नव्वदीला टेकलेली, काळ्या शालीतली डोन्ना आसुंता.

"माझ्या मुलाने दिला तो," ती म्हणाली. "फोनने मला सतरा दिला. मी काय करणार? घरी नेऊ? या वयात?"

"पण डोन्ना आसुंता, तो फक्त आकडा आहे!"

"आकडा आहे, तर तू घे ना, बाय. तुझा नोन्नो घ्यायचा. जन्मभर. मग ऑलिव्ह खायचा, तोंड कडू झालं म्हणून."

फियोरेल्ला तशीच उभी राहिली. तिच्या कोपरावरून पाणी गळत होतं. मग ती पळत बाहेर गेली, नोन्नोच्या मोटारीपाशी. दार उघडंच राहिलं, म्हणून मला ऐकू आलं.

"नोन्नो, चला. सतरा घ्या."

"मी नाही. मी निवृत्त."

"नोन्नो, लोक निघून चाललेत!"

"किल्ली कोणाला हवी आहे? मला?" म्हाताऱ्याने काच अर्धी वर केली. "अगं, चीज कोणीही कापतं. गल्लीचं संकट आपल्या खिशात घालतो, तो दुकानदार. जा, थंडी येतेय आत."

ती परत आली. तिने फोनवर 'आलो' दाबलं. फोनने एक ऑलिव्हचं पान ओकलं आणि प्राण सोडला. पडदा सतरावर अडकला तो अडकलाच. मग तिची नजर खोक्याकडे गेली, आणि माझी जीभ तिच्याकडे बघत होती.

व्हिनीने उरलेल्या एका स्क्रूवर मला खांबावर टांगलं आणि भराभर चिठ्ठ्या ओढून फेकल्या. शेवटी सतराने डोकं बाहेर काढलं. व्हिनीचा हात हवेत थांबला. माझी जीभ एवढी लांब मला कधी वाटली नव्हती.

फियोरेल्ला काउंटरबाहेर आली. एप्रनला हात पुसले. माझी जीभ धरली आणि फाडली. सरळ, एका झटक्यात, नोन्नोसारखी.

"संकट!" ती ओरडली. आवाज चिरकला. "हजर!"

तिने पिंपातला ऑलिव्ह तोंडात टाकला. चावताना टक्‌ असा आवाज झाला. ऑलिव्हच्या पोटात व्हिनीचा हरवलेला स्क्रू सापडला, आणि तिच्या दाढेचा तुकडा गेला. सगळ्यांनी मान डोलावली. सतरा खरा ठरला होता, आणि कोणा दुसऱ्याच्या घरी गेला नव्हता.

"अठरा!" ती गाल धरून ओरडली. "रक्त!"

"मी! मी!" म्हणत किटिंग नाचत पुढे आला. कोट चढवलेल्या बायकांनी कोट उतरवले. डोन्ना आसुंताला सगळ्यात जाड बक्काला मिळाला. बाहेर मोटारीचं दार वाजलं, आणि नोन्नो आत येऊन आपल्या स्टुलावर असा बसला, जणू कधी उठलाच नव्हता. सालने किल्ली काउंटरवर ठेवली, दंतवैद्याच्या पत्त्यासोबत.

आता पडद्यावर आज ताजं काय आलंय ते दिसतं. थकलेल्यांसाठी फियोरेल्लाने खुर्च्या मांडल्यात. अन्यायाविषयी ती अजून बोलते, आणि मी अजून ऐकतो. दुसरा स्क्रू तिने परत लावला नाही. तो तिच्या किल्लीच्या जुडग्यात असतो. म्हणून मी थोडा कलून लटकतो. वय झालं, कागद कधी अडकतो.

तेव्हा कधी आलात, तर माझी जीभ हळू ओढा. आणि सोळा गेलेला दिसला, तर घाबरून बाटल्या वाचत बसू नका. जरा थांबा. ती हात पुसतेय. येतेच आहे.