रंगरावांचा मेंदू पाहणारा स्कॅनर

मी एक जुना एमआरआय स्कॅनर आहे. पुण्यात येरवड्याच्या बाजूला एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर मी राहतो. माझ्याबद्दल पहिली तक्रार नेहमी आवाजाची असते. पत्र्याच्या शेडवर कुणी हातोडे मारत असल्यासारखे वाटले, असे लोक बाहेर पडताना म्हणतात. मित्रांनो, ते खरे आहे. पण आवाज न करता मला चित्र काढता येत नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक भलेमोठे चुंबक आहे आणि ते थंडगार राहावे म्हणून भोवती द्रवरूप हेलियम भरलेले असते. बोटीने आलो, मग ट्रेलरवर बसून घाट चढलो. इथे पोहोचलो तर दारातून मावेना. शेवटी भिंत फोडून क्रेनने मला आत घेतले. पूजेचा नारळ मात्र कॉरिडॉरमध्येच फोडावा लागला, कारण कोयता घेऊन माझ्याजवळ आलेले मला चालत नाही. माझे चुंबक रात्री दिवे मालवले तरी चालूच असते आणि लोखंड दिसले की ते ओढून घेते.

सुरुवातीची वर्षे मोठ्या कौतुकाची होती. पुण्यातली कितीतरी डोकी, पाठी आणि गुडघे मी आतून पाहिले. मग शेजारच्या खोलीत माझ्याहून ताकदवान नवा स्कॅनर आला. मेंदू त्याच्याकडे जाऊ लागले आणि माझ्याकडे उरले गुडघे. माझ्या अंगावरचा पांढरा रंग पिवळट झाला. पाय ठेवायची गादी एका कोपऱ्यात उसवली, ती कुणी शिवली नाही. आता मला काढून टाकण्याची चर्चा काचेपलीकडच्या खोलीत होऊ लागली. तिथला माईक बऱ्याचदा चालूच राहतो, त्यामुळे मला सगळे ऐकू येते.

नवा स्कॅनर येण्याच्या थोडे आधी रंगराव माझ्याकडे आले होते.

रंगराव सत्तरीचे होते. पुण्याजवळ मांजरी गावातल्या ऊस संशोधन केंद्रात त्यांनी उसाच्या नव्या जाती तयार करण्यात सगळी नोकरी घालवली होती. पान पाहून जात ओळखणारा हा माणूस अलीकडे नावे विसरू लागला होता. एकदा हडपसरहून घरी येताना ओळखीच्या चौकात गाडी थांबवून बसून राहिला. तपासण्या झाल्या आणि अल्झायमरची सुरुवात असल्याचे कळले. या आजारात अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचा गाळ मेंदूतल्या पेशींच्या मधे साचत जातो. तो गाळ मला दिसत नाही, त्यासाठी वेगळी तपासणी असते. पण तो गाळ काढणारे नवे औषध द्यायचे असेल, तर मेंदूत आधी कुठे रक्त झिरपलेले नाही ना, हे पाहायला माझ्याकडे यावेच लागते.

"काका, आता अजिबात हलायचं नाही," तंत्रज्ञ प्रज्ञेश माईकवरून म्हणाला.

"हलायला जागा कुठे ठेवली आहे तुम्ही?" आतून रंगराव म्हणाले.

स्कॅन चांगला आला. जुन्या रक्तस्रावाचे ठिपके कुठेही नव्हते. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका आजोबांच्या मेंदूत मला असे बरेच ठिपके दिसले होते आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही त्यांना चालू होत्या. त्यांना हे औषध द्यायचे नाही असे ठरले. त्यांच्या मुलाला वाईट वाटले, मलाही वाटले. पण नको तिथे नाही म्हणणे हेही डॉक्टरांचे कामच असते.

रंगराव आणि त्यांच्या पत्नी आनंदीताई काचेपलीकडे बसले. डॉक्टर निकिता त्यांना पडद्यावर चित्रे दाखवत होत्या.

"काका, एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. गेलेली आठवण हे औषध परत आणत नाही. आजार थांबवतही नाही. सुरुवातीच्या टप्प्यात दिलं तर तो पुढे सरकण्याचा वेग थोडा कमी करतं. सरासरीने काही महिने हाती लागतात."

"सरासरीने," रंगराव म्हणाले. "म्हणजे कुणाला जास्त, कुणाला काहीच नाही."

"हो. आणि तुम्ही त्यातले कोण, ते मला आज सांगता येणार नाही."

"नंतर तरी येईल?"

"खरं सांगायचं तर, नाही."

रंगराव हसले. "आम्ही नव्या जातीच्या शेजारी जुन्या जातीचा पट्टा लावायचो, म्हणजे फरक कळायचा. इथे औषध न घेतलेला दुसरा रंगराव कुठून आणणार?"

"नको," आनंदीताई म्हणाल्या. "एक सांभाळता सांभाळता पुरे झालंय."

मग डॉक्टरांनी धोका सांगितला. गाळ निघताना मेंदूतल्या रक्तवाहिन्या हळव्या होतात. काहींच्या मेंदूला सूज येते, काहींना बारीक रक्तस्राव होतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही, थोड्यांचे डोके दुखते किंवा गोंधळ उडतो, आणि क्वचित ते जिवावरही बेतते. म्हणून ठरावीक डोसांच्या आधी एमआरआय करायचाच. रंगरावांच्या जनुकांची तपासणी झाली होती. त्यातही धोका फार वाढवणारे काही निघाले नव्हते. तरी तो शून्य नव्हता.

"मला थोडाच वेळ हवाय," रंगराव म्हणाले. "आता मी गाडी चालवायची नाही असं तुम्हीच सांगितलंत. ही मोटार स्कूलला जायला लागली आहे. बारामती, फलटण, श्रीगोंदा, जिथे जिथे आमचा ऊस लावला ते सगळे रस्ते मला पाठ आहेत. ते विसरायच्या आत हिला दाखवायचे आहेत. रस्ते माझे, स्टिअरिंग हिचं."

आनंदीताई चौसष्ट वर्षांच्या होत्या. त्या खिडकीकडे पाहत म्हणाल्या, "अहो, आधी मला रिव्हर्स तर येऊ द्या."

अशी सुरुवात झाली. महिन्यातून एकदा शिरेतून औषध आणि ठरलेल्या वेळी माझी भेट. मधल्या काळात शेजारचा स्कॅनर आला, तेव्हा कुणीतरी रंगरावांनाही तिकडे पाठवायला निघाले. डॉक्टर निकितांनी ऐकले नाही. "पहिलं चित्र याने काढलंय, तर पुढचीही यानेच काढायची. तुलना करायला सोपं जातं." गुडघ्यांच्या रांगेत एक मेंदू मला परत मिळाला. त्या दिवशी मी फार खूश होतो.

मग एका सकाळी पंचाईत झाली. ज्या दिवशी माझ्याकडे यायचे होते, त्याच दिवशी आनंदीताईंची लायसन्सची टेस्ट आली. दोघे वेळेवर हजर झाले, पण रंगराव आत यायला तयार नव्हते.

"मला काहीही होत नाहीये," ते प्रज्ञेशला सांगत होते. "डोकं दुखत नाही, चक्कर नाही. उद्याचा डोस घेतो, स्कॅन पुढच्या वेळी करू. हिची टेस्ट बुडते आहे."

"टेस्टची दुसरी तारीख मिळते," आनंदीताई म्हणाल्या.

"तू दोन महिने त्या आठच्या आकड्याची प्रॅक्टिस करते आहेस."

"मग अजून एक महिना करेन. घड्याळ काढा, पाकीट इकडे द्या आणि आत जा."

रंगराव आत आले. गादीवर पडताना पुटपुटले, "मोटार स्कूलला गेल्यापासून ही फार हुकूम करायला लागली आहे."

मी काम सुरू केले. मित्रांनो, मला चित्राचा अर्थ सांगता येत नाही. पण मेंदूच्या मागच्या बाजूला, जिथे आधी काही नव्हते, तिथे मला एक पांढरा ढग दिसला. काचेपलीकडे प्रज्ञेशने ती चित्रे परत एकदा पाहिली आणि फोन उचलला.

डॉक्टर निकिता स्वतः खाली आल्या. "काका, सूज आहे. उद्याचा डोस द्यायचा नाही."

"पण मला काहीच होत नाहीये," रंगराव म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज बारीक होता.

"म्हणूनच तर स्कॅन करतो. या सुजेवर आणखी औषध गेलं असतं, तर ती वाढून त्रास होण्याची भीती होती. आता थांबायचं. बहुतेक वेळा ती आपोआप उतरते. पण डोकं दुखलं, बोलताना शब्द अडखळले, नजर धूसर झाली, तर लगेच यायचं. आणि दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात गेलात, तर हे औषध चालू आहे असं आधी सांगायचं."

रंगरावांचे पाकीट आनंदीताई दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या होत्या. थोड्या वेळाने रंगरावांनीच ते हळूच सोडवून घेतले आणि म्हणाले, "चल. वाटेत मंडईत अंजीर घेऊ. तुझी टेस्ट बुडवली ना मी."

पुढचे आठवडे मला जड गेले. माझ्याकडे गुडघे येत होते, पाठी येत होत्या, पण लक्ष त्या ढगाकडे होते. पुढच्या स्कॅनला तो फिका झाला होता. त्याच्या पुढच्या स्कॅनला ढग नव्हताच, फक्त एका जागी रक्ताचा एक बारीक ठिपका मागे राहिला होता.

"आता पुन्हा सुरू करायचं की इथेच थांबायचं?" डॉक्टरांनी विचारले. "दोन्हीला कारणं आहेत. घाईने सांगू नका."

दोघे घरी गेले आणि विचार करून आले. औषध पुन्हा सुरू करायचे ठरले, आणखी जवळच्या तारखांना माझ्याकडे येण्याच्या अटीवर. ढग पुन्हा दिसला तर कायमचे थांबायचे, हे रंगरावांनी स्वतःच सांगितले.

ढग अजून तरी आलेला नाही. परवा रंगराव आले, तेव्हा आनंदीताईंनी प्रज्ञेशसमोर नवे कोरे लायसन्स धरले. दुसऱ्या तारखेला त्या पास झाल्या होत्या.

"फलटणला जाऊन आलो," त्या म्हणाल्या. "हे शेजारी बसून वाट सांगत होते. एका फाट्यावर चुकले."

"मी चुकलो नाही," रंगराव म्हणाले. "तो फाटा पूर्वी तिथे नव्हता."

"बरं. फाटा चुकला," आनंदीताई म्हणाल्या. "पण उसाची जात बरोबर ओळखली यांनी, चालत्या गाडीतून."

हे औषधामुळे झाले की औषधाशिवायही झाले असते, ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही. दुसरा रंगराव नाहीच ना. पण त्या दिवशी दोघे हसत हसत माझ्या खोलीबाहेर पडले, ते मी पाहिले.

मित्रांनो, माझे दिवस आता थोडे राहिले आहेत. माझी गादी शिवली तर बरे वाटेल, पण तो माझा हट्ट नाही. मागणे एकच आहे. तुमच्या घरी कुणा आजी-आजोबांना हे औषध चालू असेल आणि तपासणीच्या दिवशी ते म्हणाले, "मी ठणठणीत आहे, स्कॅन कशाला?" तर वाद घालू नका. त्यांच्या चपला दाराशी नीट लावून ठेवा, त्यांचा हात धरा आणि म्हणा, "चला, मीही येतो."