अंतराळवीराचा भाकरतुकडा

उमापूरच्या रतनबाईला टीव्हीवरच्या माणसांना चार शब्द सुनावल्याशिवाय मालिका बघितल्यासारखी वाटत नसे. सध्या पाळी होती एका अंतराळवीराची. गडी सहा महिने आभाळात राहून परत आला, गावोगाव हारतुरे झाले, आणि घरात मात्र बायकोशी धड बोलेना, अन्न गोड लागेना, रात्र रात्र जागा. त्याची जीवनकथा रोज दुपारी चार वाजता दाखवत. नवरा म्हाळू मेंढरं घेऊन माळावर गेलेला, त्यामुळे रतनबाईचं ऐकायला घरात एकटी योगिता असे.

योगिता तिची थोरली लेक. लग्न होऊन चाकणला गेलेली, ती तीन वर्षांनी एका पिशवीनिशी परत आली. त्यालाही आता दोन महिने झाले होते. नवऱ्याचं नाव काढलं की उठून जायची. अर्धी भाकर खाल्ली तर नशीब. पोरगी आतल्या आत झुरून हातची जाईल, अशी धास्ती रतनबाईला होती. लेकीला बोलती करायला तिनं नाना तऱ्हा केल्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दुपारी पडद्यावर एक डॉक्टरीणबाई अंतराळवीराला समजावत होती. रतनबाईनं नाक मुरडलं.

"हिला काय कळतंय? इतक्या लांबून आला, उंबऱ्यावर थांबवून कुनी भाकरतुकडा ओवाळून टाकला का? तसाच आत घेतला. मग कशी झोप लागंल त्याला?"

"माझ्यावरनं तरी कुटं ओवाळला, आई?" योगिता म्हणाली. "मागच्या दारानं घेतलंस मला. समोरची वनमालाकाकू बघंल म्हनून."

खोटं नव्हतं ते. लेक नांदणं सोडून आली हे गावापासून झाकावं, एवढंच त्या दिवशी रतनबाईला सुचलं होतं. ऊसतोडीहून आलेल्या दिराच्या पोरांवरूनसुद्धा ती दरसाल तुकडा ओवाळायची, आणि पोटच्या पोरीला चोरासारखं आत घेतलं. लाज वाटली तिला, फार वाटली.

ती उठली. टोपल्यातली भाकर मोडली, तांब्या भरला आणि लेकीचा हात धरून तिला पुढच्या दारानं बाहेर नेलं. समोरच्या ओट्यावर वनमाला शेंगा फोडत बसली होती. रतनबाईनं योगिताला उंबऱ्याबाहेर उभं केलं, तुकडा तीनदा ओवाळून लांब फेकला, पायांवर पाणी घातलं, डोळ्यांना पाण्याचं बोट लावलं.

"योगिता आज आली व्हय?" वनमालानं विचारलं.

"दोन महिने झाले," रतनबाई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "म्याच लपवून ठिवली व्हती. चुकलं माजं."

योगिता उंबरा ओलांडून आत आली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"कामाला जाताना बाहीरून कुलूप लावायचा तो, आई," ती म्हणाली. "तीन वर्सं."

रतनबाईनं टीव्ही बंद केला, पुढचं दार सताड उघडं ठेवलं आणि तिच्याजवळ जाऊन बसली.