माझ्या दातांना लागलेला गोंद

मी गाडीची किल्ली बोलतेय. जरा नीट ऐका, कारण माझ्याबद्दल या घरात जे बोललं गेलं त्यातलं निम्मं खोटं होतं, आणि ते खोटं कुणी बोललं हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. धातूच्या पट्टीवरून यंत्राचं पातं फिरलं आणि मला दात आले. माणसांना दात येतात, पडतात, पुन्हा येतात, आम्हाला एकदाच. माझ्याबरोबर एक जुळी बहीण होती. घर बदलताना ती हरवली, आणि तेव्हापासून सगळा भार माझ्या एकटीवर आहे.

माझे मालक मास्तर. शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. तीस वर्षं त्यांनी ड्रायव्हिंगचा क्लास चालवला. मला त्यांनी गाडी सुरू करण्याशिवाय इतरही बऱ्याच कामांना जुंपलं. पार्सलची चिकटपट्टी फाडायला मी, पाठ खाजवायला मी, आणि विचार करताना कानात घालायलाही मीच. सांगायला लाज वाटते, पण माणूस प्रेमळ होता म्हणून मी सोसलं.

माझी जागा दारामागच्या खिळ्यावर. रोज सकाळी गाडी धुणारा यायचा, कुणालाही न विचारता मला खिळ्यावरून उचलायचा, गाडी उघडून पायपुसण्या झटकायचा आणि मला परत टांगून जायचा. आमच्या इमारतीतल्या अकरा गाड्या तो धुतो. हातावर पोट असलेला माणूस, पण मला कधी त्यानं ओल्या हातानं धरलं नाही.

मग ती दुपार आली. बाजाराच्या गल्लीतून मास्तर हळूहळू गाडी काढत होते. एक बाई पिशवी घेऊन बाजूनं पुढे आली. मला वाटलं, आता ब्रेक लागेल. लागला नाही. अगदी शेवटच्या क्षणी मास्तरांनी चाक फिरवलं, बाई वाचली आणि गाडीचा आरसा विजेच्या खांबाला घासत गेला. मास्तरांनी गाडी बंद केली तेव्हा मला कुलपातून बाहेर काढायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला.

घरी येऊन त्यांनी मला खिळ्याला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी धुवून झाल्यावर, त्यांच्या लेकीनं आरसा पाहिला आणि गाडी धुणाऱ्याला फैलावर घेतलं. "बादली आपटली असशील!" तो म्हणाला, "नाही ताई." मास्तर वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसून राहिले. माझा जीव खिळ्यावर टांगलेला होता, नाहीतर मी ओरडलेच असते.

पंधरा दिवसांनी लेकीनं जाहीर केलं, "बाबा, सोमवारपासून छकुलीला शाळेत तुम्हीच सोडायचं हं." मास्तर "बरं" म्हणाले. छकुली म्हणजे त्यांची नात. त्या रात्री ते जेवले नाहीत.

सोमवारी सकाळी, गाडी धुणारा मला खिळ्याला लावून गेल्यावर, मास्तर मला घेऊन एकटेच खाली उतरले. गाडीत बसले. खिशातून गोंदाची बाटली काढली, तीच, ज्यातल्या गोंदानं ते शिकणाऱ्यांच्या अर्जांवर फोटो चिकटवत. तिच्यातली काडी त्यांनी माझ्या दातांवरून फिरवली. थंडगार, चिकट. मग मला कुलपात सारलं आणि घड्याळाकडे बघत बसून राहिले. गोंद माझ्याभोवती घट्ट होत गेला.

छकुलीला घेऊन लेक खाली आली तेव्हा ते म्हणाले, "किल्ली अडकलीय गं. जुनी झाली बहुतेक."

जुनी झाली! मला इतका संताप आला. तीस वर्षं लोकांना "समोर बघा, समोर बघा" म्हणून ओरडणाऱ्या माणसाला "मला नीट दिसत नाही" एवढं म्हणवत नव्हतं, म्हणून सगळं खापर माझ्या डोक्यावर. तरीही छकुली त्या गाडीत बसली नाही, याचं मला बरं वाटलं हेही खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीनं किल्लीवाल्याला बोलावलं. गाडी धुणारा शेजारचीच गाडी पुसत होता. किल्लीवाल्यानं मास्तरांना सीटवर बसवलं.

"काका, स्टिअरिंग जरा इकडे-तिकडे हलवा. जोर लावू नका, किल्ली तुटेल."

त्यानं कुलपात कसलासा फवारा मारला, बारीक सळई घातली आणि मला केसाएवढी मागे-पुढे करत राहिला. माझ्या मानेवर ताण आला. वाटलं, संपलं आता. मग कट् आवाज झाला आणि मी सुटले.

त्यानं मला उजेडात धरलं, नखानं खरवडलं, पाण्याचं बोट लावून पाहिलं.

"हा तर गोंद आहे, ताई. कागदाचा. कुणीतरी मुद्दाम लावलाय. किल्लीला कोण कोण हात लावतं?"

लेक वळली. "काल सकाळी तुझ्याकडे होती ना रे?"

"होती, ताई. लगेच खिळ्याला लावली."

"आरशाच्या वेळीही तू असाच साळसूद होतास. मी बोलले त्याचा राग काढलास ना? उद्यापासून येऊ नकोस. आणि वरच्या सगळ्यांनाही मी सांगणार आहे."

अकरा गाड्या. त्याच्या हातातल्या फडक्यातून पाणी गळत होतं. तो लेकीकडे बघत नव्हता, मास्तरांकडे बघत होता.

किल्लीवाल्यानं कुलूप साफ केलं, माझ्या दातांवर पेन्सिलीचं शिसं घासलं आणि मला मास्तरांच्या हातात दिलं. "लावून बघा, काका." मी लोण्यात सुरी जावी तशी फिरले. गाडी सुरू झाली. मास्तरांनी ती लगेच बंद केली.

"गोंद माझ्या टेबलावरचा आहे," ते म्हणाले.

"म्हणजे हा घरात शिरून टेबलापर्यंत पोचला?" लेक म्हणाली.

सुटायला वाट मिळाली होती. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि ते मास्तरांना चांगलं जमत होतं. त्यांची मूठ माझ्याभोवती आवळली. मी मनातल्या मनात म्हटलं, मास्तर, बोला हो.

"अगं, मी लावला. माझ्या हातानं. आरसाही मीच घासला. बाई समोर होती आणि मला दिसलीच नाही. छकुलीला कसा नेऊ मी?"

मास्तर खाली उतरून गाडी धुणाऱ्यासमोर उभे राहिले. "चुकलो रे मी. तुला बोलणी बसली माझ्यामुळे."

"मला ठाऊक होतं, मास्तर," तो म्हणाला. "आरशाला खांबाचा रंग लागला होता. मीच पुसला. वाटलं, तुम्ही सांगाल."

आता लेक गाडी चालवायला शिकतेय, दुसऱ्या कुणाकडे तरी. मास्तरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलंय. माझे दात स्वच्छ आहेत. तुम्हाला एकच विनवणी: तुमच्या मनातली भीती आम्हा मुक्या वस्तूंवर ढकलू नका. आम्ही सोसतो, पण मध्ये एखादा माणूस भरडला जातो.

गाडी धुणारा अजून रोज येतो. पण आता तो मला खिळ्यावरून उचलत नाही. दाराबाहेर उभा राहतो आणि म्हणतो, "मास्तर, तुमच्या हातानं द्या." काम झाल्यावर पुन्हा बेल वाजवतो आणि मला मास्तरांच्याच तळहातावर ठेवतो. मास्तर रोज म्हणतात, "अरे, घेत जा ना तुझा तू." तो मान हलवतो आणि जिना उतरतो.