जे जे बंद, ते ते चालू

माझी नात ममता बारावीत आहे. दिवाळीत तिच्या बापाने, म्हणजे आमच्या तुषारने, तिला कोणाचा तरी वापरलेला गेमचा डबा आणून दिला. तो टीव्हीला जोडून ती फुटबॉल खेळते. समोरचा गडी कधी इंदूरला असतो, कधी कोचीला. रविवारी चार वाजता तिचे मोठे सामने होते. दोन जिंकले तर सुरतेला बोलावणार होते.

सोमवारी ती म्हणाली, "आबा, मामाकडे सुमितच्या टीव्हीवर गवताची पात न् पात दिसते. आपल्याकडे नुसता हिरवा रंग फासल्यासारखं."

मंगळवारी ती खेळ अर्धा थांबवून क्लासला गेली. रिमोट गादीवर पडला होता. मी त्याला फक्त बातम्या लावण्यापुरता हात लावायचा, अशी तुषारची ताकीद आहे. पण टीव्ही आणला तेव्हा त्यानेच माझ्यासाठी त्याची भाषा मराठी करून दिली होती. मला अक्षरं आली पंचावन्नाव्या वर्षी, शेजारच्या नलिनी मॅडमकडून. तेव्हापासून समोर काही लिहिलेलं दिसलं की ते संपवल्याशिवाय मी उठत नाही.

रिमोटचं एक बटण दाबलं तर पडद्यावर चित्राची यादी उघडली. पहिलीच ओळ होती, 'चित्राचा प्रकार: गेम'. मला वाटलं, पोरांचा खेळ म्हणून टीव्हीने हलकं चित्र लावून ठेवलंय. खाली 'ठळक' असं होतं, ते लावलं. मग आणखी ओळी. चित्र सुधारणा: बंद. कडा धारदार: बंद. गती सुरळीत: बंद. गोंगाट कमी: बंद.

एवढं सगळं बंद बघून मला राहवेना. सत्तावीस वर्षं मी सिल्वासातल्या धाग्याच्या कंपनीत काढली. एका मशीनवर दोनशे सोळा जागा. शिफ्टला चढलो की पहिलं काम, कुठली जागा बंद आहे ते शोधायचं, धागा ओवायचा आणि ती चालू करायची. बंद जागा ठेवून घरी गेलेला माणूस मी नव्हे. मी एकेक ओळ चालू केली आणि जिथे 'उच्च' मिळत होतं तिथे उच्च ठेवलं.

चित्र असं उजळलं की मी मागे सरकलो. गवत दिसलं, गड्यांच्या बुटांच्या नाड्या दिसल्या.

"काय करून राहिले तुम्ही?" केसरबाई, माझी बायको, आतून ओरडली. गोंगाट कमी चालू होतं, पण तिच्यावर काही परिणाम दिसला नाही.

संध्याकाळी ममताने डबा चालू केला आणि उडालीच. "ओहो! आबा, बघा! अपडेट आला वाटतं."

मी म्हटलं, "असेल." ताकीद होतीच, आणि शिवाय मनातल्या मनात मला फार बरं वाटत होतं.

त्या संध्याकाळी ती तीन सामने हरली. बुधवारी पाच. आधी ती हरायची, पण तेव्हा समोरच्याला शिव्या द्यायची. आता नुसती आपल्या अंगठ्यांकडे बघायची.

"बॉल येतो ते दिसतं मला," ती म्हणाली. "मी दाबते पण. पण उशीर होतो. माझंच स्लो झालंय काहीतरी."

"झोप कमी पडते तुला," केसरबाई म्हणाली. "डोक्याला तेल लाव."

तेल लावलं. गुरुवारी चार सामने हरली. मला काही उलगडेना. चित्र बिघडलं असतं तर मी समजलो असतो. चित्र तर सुधारलं होतं! चांगलं दिसतंय आणि वाईट खेळतेय, हे कसं? शुक्रवारी जेवताना ती तुषारला म्हणाली, "पप्पा, मी रविवारचं नाव काढून घेते. डबा सुमितला देऊन टाका. माझ्या हातात नाहीये ते."

"बरं झालं, परीक्षाच आहे," तुषार म्हणाला. पण तिचं ताट तसंच राहिलं होतं.

शनिवारी दुपारी ती शेवटचं म्हणून खेळत बसली. मी मागे वालाच्या शेंगा सोलत होतो. नजर शेंगांवर होती, कान तिच्या बटणांवर. टक्. मग टीव्हीतून लाथेचा आवाज. टक्. मग लाथ. मध्ये काहीतरी रिकामं होतं. दमणगंगेच्या पलीकडच्या काठावर बाई कपडे आपटते, तेव्हा कपडा आधी खाली येतो आणि आवाज मागून. इथे उलटं चाललं होतं. आवाज आधी, काम मागून. पोरीचा अंगठा वेळेवर होता. उशीर पलीकडे होत होता.

पलीकडे तर मीच हात घातला होता.

शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. "ममता, तो अपडेट नव्हता."

"काय नव्हता?"

"मी केलं ते. मंगळवारी. जे जे बंद होतं ते ते चालू केलं."

तिने माझ्याकडे बघितलं, मग रिमोट घेतला. यादी उघडल्यावर ती, इंग्रजी शाळेतली पोर, मराठी एकेक अक्षर लावत वाचू लागली, अगदी मी सुरुवातीला वाचायचो तशी. "गती सु...सुरळीत? आबा, हे काय असतं?"

"मला काय माहीत! बंद होतं."

"तुम्ही गेम मोडच काढलात!" ती कपाळावर हात मारून हसायला लागली. मग डोळे पुसायला लागली. "चार दिवस मला वाटतंय मी खलास झाले. आणि तुम्ही मागे बसून शेंगा सोलताय!"

"अगं, पण चित्र चांगलं झालं ना?"

"झालं ना. पण ते चांगलं करायला टीव्हीला वेळ लागतो. शीतलकाकू लग्नाला निघते ना, तसं. सगळी नटून बाहेर येईपर्यंत वरात गेलेली असते."

तिने 'गेम' लावलं. बाकीच्या ओळी आपोआप बंद झाल्या. गवत गेलं, नाड्या गेल्या, पुन्हा फासलेला हिरवा रंग. मला बघवेना. पण टक् आणि लाथ एकदम आली. तिने दोनदा, तीनदा दाबून बघितलं आणि मांडी घालून नीट बसली. नाव काढायचं राहिलंच.

रविवारी पहिला सामना ती जिंकली. दुसरा एका गोलने हरली. सुरत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघायला घाबरत होतो.

"हा मी हरले, आबा," ती अंगठे मोडत म्हणाली. "डावीकडे पास द्यायचा होता, मी उजवीकडे दिला." आणि समोरच्याला एक सणसणीत शिवी दिली. केसरबाईने आतून तिला झापलं. मला मात्र बरं वाटलं.

सात वाजता ममताने स्वतःच 'ठळक' लावून रिमोट माझ्या हातात दिला. "बातम्यांना चालेल. तिथे कोणी गोल मारत नाही."

बातम्या सांगणाऱ्या बाईच्या गळ्यातला मणी न् मणी दिसत होता. मी तिचे ओठ आणि आवाज जुळतात का ते बघत बसलो. जुळत होते, असं वाटलं. बातमी काय होती, ते काही लक्षात राहिलं नाही.